मायनर निवडताना शेवटचा पेपर आधी बघा

जून-जुलैत कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसबाहेर थोडा वेळ उभं राहिलं, की एक शब्द सारखा कानावर पडतो. "मेजर केमिस्ट्री घेतलंय, मायनर काय टाकू?" "मैत्रिणीनं सायकॉलॉजी टाकलंय, मीपण तेच टाकते." "स्टॅटला अजून जागा आहेत म्हणे." बरोबर आलेले आई-वडील गप्प ऐकत असतात, कारण त्यांच्या वेळी असं काही नव्हतं. फॉर्मवर एक चौकट असते, ती भरायची असते आणि मागची रांग घाई करत असते. त्या घाईत लिहिलेला विषय मात्र पदवी हातात येईपर्यंत सोबत राहतो, आणि पुष्कळदा त्यानंतरही.

गोंधळ होण्याचं कारण साधं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. महाराष्ट्रात विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयं यांच्यात ते २०२३-२४ पासून लागू झालं आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. इथल्या संलग्न कॉलेजांतली पहिली तुकडी तीन वर्षं पूर्ण करते ती २०२६-२७ मध्ये. म्हणजे थोरल्या बहिणीला किंवा गल्लीतल्या दादाला विचारून विषय ठरवायची जी आपली रीत आहे, ती इथं अजून चालत नाही. दादा जुन्या पद्धतीत शिकलेला असतो.

## मेजर म्हणजे काय, मायनर म्हणजे काय

आई-वडिलांसाठी आधी मेजर सांगतो. पूर्वी बी.ए.ला 'स्पेशल' विषय असायचा: स्पेशल इतिहास, स्पेशल मराठी. मेजर हा त्याचाच मोठा भाऊ. पदवीच्या एकूण अभ्यासातला साधारण निम्मा भाग या एका विषयाचा असतो आणि पदवी ओळखली जाते तीही त्याच्याच नावानं.

मायनर म्हणजे दुसरा विषय. मेजरपेक्षा लहान, पण एकदोन पेपरांत आटोपणारा नव्हे. तो सत्रामागून सत्र, एकाच विषयात पायरी चढत शिकायचा असतो.

हे सगळं मोजलं जातं क्रेडिटमध्ये. एक क्रेडिट म्हणजे वर्गातली १५ तासांची शिकवणी, किंवा प्रयोगशाळेतलं ३० तासांचं काम. एका सत्रात २० ते २२ क्रेडिट आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. मायनरला त्यातली किती? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान २४ धरली आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयात १८ ते २० होती. त्यानंतर १३ मार्च २०२४ ला सुधारित निर्णय आला. तुमच्या शाखेचा नेमका आकडा अभ्यासक्रमाच्या रचनेच्या तक्त्यात असतो; तो तक्ता कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतो. अंदाजासाठी २० धरा. सगळे लेखी पेपर असतील तर ३०० तास होतात. निम्मे प्रात्यक्षिकांचे असतील तर ४५०. एवढा वेळ एखाद्या विषयाला देणं ही लहान गोष्ट नाही.

सुधारित रचनेनुसार बऱ्याच अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीनं घ्यायचे असतात. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यातला एक मेजर होतो, एक मायनर होतो आणि तिसरा तिथंच थांबतो. म्हणून पहिल्या वर्षीची तीन विषयांची निवड हीच खरी मायनरची निवड असते. पुष्कळ मुलांना हे दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरताना कळतं. तेव्हा हवा असलेला विषय त्या तिघांत नसतो.

## मग ओपन इलेक्टिव्ह वेगळं कशाला?

मायनरची गल्लत सर्वांत जास्त होते ती ओपन इलेक्टिव्हशी, म्हणजे मुलं ज्याला 'ओई' म्हणतात त्याच्याशी. ओई हे मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं. विज्ञानाच्या मुलानं वाणिज्य किंवा मानव्यशास्त्रातला एखादा पेपर शिकावा, थोडी ओळख व्हावी, एवढाच हेतू. या सत्रात एक पेपर, पुढच्या सत्रात दुसऱ्याच विषयाचा पेपर असंही चालतं. मायनरचं तसं नाही. २०२३ च्या निर्णयानुसार ते त्याच विद्याशाखेतलं असू शकतं किंवा दुसऱ्या विद्याशाखेतलंही, पण विषय एकच आणि साखळी सलग. त्याची क्रेडिट पहिल्या तीन वर्षांतच पुरी करायची असतात.

याशिवाय भाषेचे, कौशल्याचे, मूल्यशिक्षणाचे पेपर असतात. ते सगळ्यांना आहेत आणि तिथं निवडीला फारसा वाव नाही, म्हणून इथं सोडून देतो.

आपल्याकडच्या माणसाला हे उसातल्या आंतरपिकावरून चटकन समजेल. रान ऊसाचं असतं, पैसा उसाचा असतो. पण लागण केल्यावर सुरुवातीचे काही महिने सरीच्या मधली जागा मोकळी असते. तिथं शेतकरी हरभरा टाकतो, भुईमूग टाकतो, सोयाबीन टाकतो. हे पीक स्वतःचं उत्पन्न देतं आणि वर रानाला नत्रही देऊन जातं. मात्र तिथंच उंच वाढणारा मका दाटीनं टाकला तर तो उसाचं ऊन आणि खत खातो. कुठलंही पीक कुठल्याही उसात चालत नाही, आणि आंतरपीक वेळेत काढलं नाही तर भरणी, म्हणजे उसाच्या बुंध्याला माती लावायचं काम, अडते. मायनर निवडताना आणि पुरं करताना हेच दोन प्रश्न येतात: मेजरला ते पोसतं की त्याचं खत खातं, आणि वेळेत हातावेगळं होतं का.

## निवड कशी करायची

मी मुलांना एकच गोष्ट आग्रहानं सांगतो. विषयाचा पहिला पेपर बघून मायनर ठरवू नका. शेवटच्या सत्रातला पेपर उघडा आणि तो वाचा.

पहिला पेपर नेहमीच गोड असतो. मानसशास्त्राच्या सुरुवातीला स्मृती, भावना, व्यक्तिमत्त्व येतं; ते सगळ्यांना आवडतं. तोच विषय पुढे प्रयोग, चाचण्या आणि सांख्यिकीकडे वळतो. 'गणित नको म्हणून सायकॉलॉजी' घेतलेल्या मुलांची तिथं धांदल उडते. संख्याशास्त्र सुरू होतं ते सरासरी आणि मध्यगापासून, म्हणजे दहावीला पाहिलेल्या गोष्टींपासून. पुढं संभाव्यता वितरणं आणि गृहीतकांची चाचणी येते, तिथं बारावीचं गणित पक्कं लागतं. भूगोल म्हणजे पाठांतर अशी समजूत असते. नकाशाची प्रात्यक्षिकं आणि सर्वेक्षण समोर आलं की ती जाते. विषय वाईट नसतात. आपण त्यांच्याकडे पुरतं पाहिलेलं नसतं.

म्हणून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि मायनरच्या पेपरांची नावं एका कागदावर सत्रवार लिहा. शेवटच्या दोन पेपरांतल्या घटकांची नावं मोठ्यानं वाचा. त्यातलं काहीच समजलं नाही तरी बिघडत नाही, पण 'हे शिकायला मिळालं तर बरं' असं एखाद्या घटकापाशी तरी वाटलं पाहिजे. कुठंच तसं वाटलं नाही, तर तो विषय सोडून द्या. नंतर त्या विषयाच्या मास्तरांना किंवा मॅडमना गाठून पाच मिनिटं बोला: मागच्या मुलांना यातलं काय जड गेलं, प्रात्यक्षिक कधी असतं, संदर्भ पुस्तकं ग्रंथालयात आहेत का, मराठीतून उत्तरं लिहिता येतात का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला एखादा विषय अवघड वाटतो तेव्हा पुष्कळदा अडचण विषयाची नसते, इंग्रजीतल्या पुस्तकांची असते.

एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. कुठल्या विषयाला किती मुलं आली यावर त्या विभागाचा कार्यभार, म्हणजे शिकवायचे तास, ठरतो, आणि कार्यभारावर शिक्षकांच्या जागा. त्यामुळे जिथं मुलं कमी आहेत तिकडे 'हे घे, जागा आहेत' असं सुचवलं जाण्याची शक्यता असते. सुचवणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही, आणि लहान वर्गात शिकवणं अनेकदा जास्त चांगलं होतं. तरी सही आपली असते. 'जागा आहेत' हे विषय घ्यायचं कारण होऊ शकत नाही.

## याचा पुढं उपयोग काय?

भुदरगडकडच्या एका शेतकरी बापानं मला विचारलेला प्रश्न बहुतेक पालकांच्या मनातला आहे. "सर, पोरीनं काय घेतलं म्हणजे पुढं तिचं अडणार न्हाई?" मी म्हटलं, "अण्णा, तिला पुढं काय करावंसं वाटतंय ते आधी तिलाच विचारू." पोरगी रसायनशास्त्राची. तिला कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं, पण सूक्ष्मजीवशास्त्राची ओढही होती. तिच्यासाठी उत्तर अर्धं तयारच होतं.

मायनरचा सर्वांत मोठा उपयोग आहे पदव्युत्तर प्रवेशाला, आणि तोच सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा आराखडा काढला. त्यानुसार पदवीला जो विषय मेजर होता त्यात एम.ए., एम.एस्सी. करता येतंच, आणि जो मायनर होता त्यातही प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. मराठी मेजर आणि मानसशास्त्र मायनर घेतलेल्या मुलीसमोर एम.ए.ची दोन दारं उघडी असतात. अठराव्या वर्षी आपल्याला काय आवडतं हे पक्कं कळलेलं असतंच असं नाही. एकविसाव्या वर्षी मत बदललं तर हे दुसरं दार कामाला येतं. प्रत्येक विद्यापीठ आपापले प्रवेश नियम काढतं, तेव्हा जिथं जायचं तिथली पात्रता त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच पुढं जावं.

यावर हुशार मुलं लगेच विचारतात: त्याच आराखड्यात प्रवेश परीक्षा पास झाल्यावर कुठल्याही विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं असंही लिहिलंय, मग मायनरचं एवढं कौतुक कशाला? लिहिलंय हे खरं. पण ती परीक्षा त्या विषयाचीच असते. ज्यानं तो विषय तीनशे तास वर्गात बसून शिकलाय, आणि ज्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत गाईड घेऊन वाचलाय, त्या दोघांची तयारी सारखी होत नाही. विज्ञानात तर प्रयोगशाळेत हात चालवलेला असणं याला पर्याय नाही.

दुसरा उपयोग स्पर्धा परीक्षेचा. आपल्याकडे अभ्यासिकेत बसलेल्यांतली कितीतरी मुलं एमपीएससीची असतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून यूपीएससीसारखी वर्णनात्मक झाली आहे. त्यात एक वैकल्पिक विषय असतो, त्याचे दोन पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. एकूण १७५० पैकी ५०० गुण झाले. वैकल्पिक विषय पदवीचाच असला पाहिजे असं बंधन नाही. तरीही रसायनशास्त्र मेजर असलेल्या मुलाला वैकल्पिक म्हणून भूगोल किंवा राज्यशास्त्र घ्यायचं असेल, आणि कॉलेजच्या रचनेत ते मायनर म्हणून बसत असेल, तर त्याची पायाभरणी पदवीतच होऊन जाते. मात्र अधिकारी व्हायला अमुक मायनर लागतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पात्रता पदवीची आहे.

कायद्याबद्दलही हेच. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं आणि वकिलीकडे इथल्या मुलांचं लक्ष साहजिकच जास्त गेलं. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते. राज्यशास्त्राचं मायनर असेल तर संविधान वाचायची सवय लागते, इतकंच.

तिसरा उपयोग कामाचा. इथं मेजर-मायनरची जोडी बघावी लागते, सुटा विषय नव्हे. पंचगंगेचा पूर आपण २००५, २०१९ आणि २०२१ ला पाहिला. पाणी कुठल्या उंचीला कुठल्या गल्लीत येतं हे नकाशावर मांडणं हे भूगोल आणि संगणक दोन्ही येणाऱ्याचं काम आहे. भूगोल मेजर आणि संगणकाशी संबंधित मायनर ही जोडी त्यासाठी फार चांगली. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, 'मराठा लष्करी भूदृश्यां'तल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. किल्ला समजावून सांगणारा माणूस इतिहासाबरोबर परकी भाषा किंवा पर्यटन शिकलेला असेल तर त्याचं सांगणं लांबून आलेल्यापर्यंत पोचतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत हिशेब बघणाऱ्या वाणिज्य पदवीधराला संख्याशास्त्र येत असेल तर तो खर्चाच्या आकड्यांतून पुढचं काहीतरी काढून दाखवतो. आणि त्या भुदरगडच्या पोरीनं केमिस्ट्रीला सूक्ष्मजीवशास्त्र जोडलं. साखर, दूध, पाणी तपासणी या आपल्या जिल्ह्यातल्या तिन्ही कामांत रसायन आणि जंतू शेजारी शेजारीच असतात.

## सोपा विषय घेतला तर गुण वाढतील ना?

वाढतील, पण किती ते एकदा मोजून बघा. सत्राची सरासरी काढताना प्रत्येक पेपरच्या श्रेणीचा गुणांक (दहापैकी) त्याच्या क्रेडिटनं गुणतात, सगळ्याची बेरीज करतात आणि एकूण क्रेडिटनं भागतात. समजा सत्र २२ क्रेडिटचं आहे आणि त्यात मायनर ४ क्रेडिटचं. सोप्या विषयात ९ गुणांक मिळाला आणि अवघड विषयात ६, तर फरक ३ गुणिले ४ म्हणजे १२. भागिले २२. साधारण ०.५५. संपूर्ण पदवीत मायनरची २० क्रेडिट आणि एकूण १३२ धरली, तर तोच फरक ०.४५ च्या आसपास येतो.

हा फरक काहींच्या बाबतीत खरोखर महत्त्वाचा असतो. तीन वर्षांच्या पदवीवर थांबायचं नसेल आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स ही पदवी करायची असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि उंबरठ्यावर असलेल्याला अर्धा गुणांकही जड जातो. अशा मुलानं विषय झेपेल असा घ्यावा, यात कमीपणा नाही. पण बाकीच्यांनी सोपेपणापायी तीनशे तास अशा विषयात घालवू नयेत ज्याचं पुढं नावही काढायचं नाही. शिवाय 'सोपा' हा शब्द एकाच्या अनुभवावरचा असतो. ज्याला आवड नाही त्याला सोपा विषयही सहामाहीच्या आदल्या रात्रीच आठवतो, आणि मग गुण पडत नाहीत.

## वेळापत्रक आणि एसटी

हा मुद्दा पुस्तकी लेखांत येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. चार क्रेडिटचं मायनर पूर्ण लेखी असेल तर १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास लागतात. दोन क्रेडिट लेखी आणि दोन प्रात्यक्षिक असतील तर सहा तास. प्रात्यक्षिकं बहुधा दुपारी असतात, कारण सकाळी मेजरचे तास झालेले असतात. कोल्हापुरात राहणाऱ्या मुलाला याचं काही वाटत नाही. पण गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडून येणाऱ्या मुलीची एसटी ठरलेली असते, आणि ती चुकली तर घरी पोचायला अंधार पडतो. तशा मुलींचं प्रात्यक्षिक बुडायला लागतं, उपस्थिती कमी पडते, आणि सत्राच्या शेवटी विषय 'झेपला नाही' असं म्हटलं जातं. विषय झेपत होता. बस झेपत नव्हती.

म्हणून मागच्या वर्षीचं वेळापत्रक मागून घ्या. मायनरचं प्रात्यक्षिक किती वाजता सुटतं ते पाहा. एकाच गावच्या तीन-चार मुलींची अडचण असेल तर विभागप्रमुखांना एकत्र भेटा. तुकडी सकाळची करून देणं पुष्कळदा शक्य असतं. एकटीनं सांगितलेलं राहून जातं, चौघींनी मिळून सांगितलेलं लक्षात ठेवलं जातं.

## हवा तो विषय आपल्या कॉलेजात नसेल तर?

नियमात मायनर कुठल्याही विद्याशाखेतलं चालतं, हे वाचून मुलं मोठी स्वप्नं घेऊन येतात आणि कॉलेजात चार-पाचच पर्याय दिसले की हिरमुसतात. कॉलेज तेच देऊ शकतं ज्याचे शिक्षक, वर्गखोली आणि वेळ त्याच्याकडे आहे. त्यामुळे प्रवेशाआधीच दोन-तीन कॉलेजांची विषययादी ताडून पाहणं हा खरा उपाय. मेजर सगळीकडे सारखं असेल तर कॉलेज निवडायचं कारण मायनर असू शकतं.

दुसरा रस्ता 'स्वयम्'चा. केंद्र सरकारच्या या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम करून क्रेडिट मिळवता येतात; विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे घेता येतात. पण क्रम सांभाळा. हा अभ्यासक्रम मायनरमध्ये धरला जाईल का, हे कॉलेजकडून लेखी घ्या, आणि मगच नोंदणी करा. आधी कोर्स करून प्रमाणपत्र घेऊन आलात आणि तो तुमच्या रचनेत बसत नसला, तर शिकलेलं वाया जात नाही, पण क्रेडिट मायनरच्या खात्यात जमा होत नाहीत.

## इंजिनिअरिंगचं वेगळं आहे

अभियांत्रिकीला 'मल्टिडिसिप्लिनरी मायनर' असतं आणि राज्याच्या रचनेत ते १४ क्रेडिटचं, सगळ्यांना आवश्यक आहे. ते आपल्या शाखेबाहेरचं घ्यायचं. मेकॅनिकलच्या मुलानं डेटा सायन्स घेणं किंवा कॉम्प्युटरच्या मुलीनं व्यवस्थापन घेणं ही त्याची नेहमीची उदाहरणं. याखेरीज ज्यांना ऑनर्स किंवा आणखी एक मायनर हवं, त्यांना त्यासाठी वरची जादा क्रेडिट मिळवावी लागतात. ती घ्यायचीच अशी सक्ती नाही. पहिल्या दोन सत्रांत विषय राहिलेल्या मुलानं आधी ते सोडवावेत, जादा क्रेडिटच्या मागं लागू नये.

## मधेच विषय बदलता येईल का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात दुसऱ्या सत्राच्या शेवटी मेजर बदलण्याची मुभा आहे. मायनरलाही बदलायची खरी वेळ तीच. तिसऱ्या सत्राचे तास सुरू झाले की पहिल्या काही दिवसांत अर्ज करता येतो का ते कॉलेजच्या नियमावर आहे. त्यानंतर जवळजवळ नाही. कारण मायनर साखळीनं मोजलं जातं. एका विषयाची आठ क्रेडिट मिळवून दुसऱ्यावर उडी मारली, तर मिळवलेली आठ तुमच्याच नावावर राहतात, पण नव्या मायनरमध्ये धरली जात नाहीत. ते पहिल्यापासून भरावं लागतं.

## पूर्ण करणं ही वेगळी कसरत

मायनर हे नावानं लहान असल्यामुळे मुलं त्याला धरून ठेवत नाहीत. मेजरचा पेपर राहिला तर घरात गहजब होतो; मायनरचा राहिला तर 'पुढच्या वेळी काढू' म्हणतात. पण पदवीच्या एकूण क्रेडिटमध्ये मायनरची क्रेडिट आवश्यक म्हणून धरलेली आहेत. मेजरमध्ये कितीही चमकलात तरी मायनरचा एक पेपर राहिला तर पदवी अडते. आणि साखळीच्या विषयात एक कडी सुटली की पुढची जड होते, हे वेगळंच.

दर सत्रात दोन कामं न चुकता करावीत. पहिलं, परीक्षा फॉर्म भरताना मायनरच्या पेपरचा सांकेतिक क्रमांक स्वतः ताडून पाहावा. एकाच विषयाचा पेपर मेजरच्या मुलांना एका क्रमांकानं असतो आणि मायनरच्या मुलांना दुसऱ्या; नाव जवळपास सारखं असतं, आणि फॉर्म भरून देणाऱ्याची नजर नावावर जाते. झेरॉक्सच्या दुकानात गर्दीत फॉर्म भरलेल्यांनी तर घरी जाऊन पुन्हा एकदा बघावं. दुसरं काम, निकाल लागल्यावर आपली क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा झाली का हे डिजिलॉकरमध्ये पाहावं. ही बँक २०२१ साली सुरू झाली. आपण मिळवलेली क्रेडिट तिथं आपल्या 'अपार' ओळख क्रमांकावर नोंदवली जातात. आधारवरचं नाव आणि कॉलेजातलं नाव यांत फरक असेल, वडिलांचं नाव पुढं-मागं झालं असेल, तर नोंद अडते. ते पहिल्या सत्रातच दुरुस्त करून घ्यायला एक अर्ज पुरतो. तिसऱ्या वर्षी तेच काम करायला गेलं की ऑफिसच्या खेपा घालाव्या लागतात.

## आणि शिक्षण मधेच थांबलं तर?

हा प्रश्न मुलींसाठी जास्त आहे, आणि तो टाळून चालणार नाही. दुसऱ्या वर्षानंतर लग्न ठरतं, घरात आजारपण येतं, वडिलांना हाताखाली कुणी लागतं. पूर्वी अशा मुलीकडे दोन वर्षांच्या मार्कलिस्टांशिवाय काही उरत नसे. आता एका वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट झाली आणि ठरलेला ४ क्रेडिटचा कौशल्याचा जादा भाग केला, तर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांची ८० ते ८८ झाली आणि तसाच जादा भाग केला, तर पदविका. मेजरबरोबर मायनरची तोवरची क्रेडिटही नोंदलेली राहतात. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि सुरुवातीपासून जास्तीत जास्त सात वर्षांत पदवी पुरी करता येते.

परत येताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात. अभ्यासक्रम मधल्या काळात बदलला आहे का, आणि आपलं मायनर त्या कॉलेजात अजून चालू आहे का. बंद झालं असेल तर जवळच्या दुसऱ्या कॉलेजात ते आहे का हे बघून, क्रेडिट तिकडे वळवून घ्यायचा अर्ज करता येतो. सासर गडहिंग्लजला असेल आणि पहिलं कॉलेज कोल्हापुरात असेल, तरी उरलेली सत्रं गडहिंग्लजला करायची वाट त्यामुळं मोकळी राहते. म्हणून कॉलेज सोडायची वेळ आलीच, तर दाखला काढण्याच्या दिवशीच क्रेडिटची नोंद तपासून, तिची प्रत घेऊन मगच बाहेर पडावं.